आकाशातील युद्ध आणि अल्लाहसमोरचा जाब



बारामतीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उडत असतात. शेतात राबणारी मोठी माणसे आता त्या आवाजाने मान वर करीत नाहीत. लहान मुले मात्र थबकतात, हात हलवतात. वर बसलेल्याला ते हात दिसत नसावेत. थोड्याच उंचीवरून उसाचे फड, निरेचा डावा कालवा, शाळा, मशीद आणि मंदिर हे सारे एका नकाशावरच्या रेघांसारखे होऊन जाते. प्रवाशासाठी ही उंची अल्लाहची देणगी आहे. युद्धात मात्र हीच उंची माणसाच्या सद्सद्विवेकापुढे एक अवघड प्रश्न उभा करते, आणि या लेखात आपण त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रश्न असा : ज्याचा चेहरा मला दिसला नाही, त्याच्या प्राणाचा जाब मला द्यावा लागेल काय? आणि ‘माझा नेम दुसरीकडे होता’ हे उत्तर कयामतच्या दिवशी पुरेसे ठरेल काय?

तलवारीच्या युगात हा प्रश्न क्वचितच उद्भवत असे, कारण मारणारा आणि मरणारा एकमेकांच्या डोळ्यांत पाहत होते. विमान आले आणि हे नाते तुटले. जेट इंजिनाने तर विमानाचा वेग इतका वाढवला की वैमानिकाला खालची वस्ती न्याहाळायला क्षणही उरेना. म्हणून जेट विमानांच्या पहिल्या काळातील दोन युद्धे आपण समोर ठेवू. एक आपल्या अगदी शेजारचे आहे आणि दुसरे दूरच्या कोरियातील.

लोहगावहून दाबोळीपर्यंत

१९६१ हे वर्ष पुणे जिल्हा विसरणार नाही. त्या वर्षी १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १८ डिसेंबर रोजी, पुण्याच्याच लोहगाव विमानतळावरून भारतीय वायुदलाची बारा कॅनबेरा विमाने दक्षिणेकडे निघाली. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपवण्याची लष्करी कारवाई, जिला ‘ऑपरेशन विजय’ हे नाव होते, त्या दिवशी सुरू झाली होती.

कॅनबेरा हे दोन जेट इंजिनांचे बॉम्बफेकी विमान होते. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली या बारा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन वजनाचे बॉम्ब टाकले. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी आठ कॅनबेरा विमानांनी त्याच धावपट्टीवर दुसरा हल्ला केला. बेळगावजवळच्या सांबरे येथून उडालेल्या सहा हंटर जेट विमानांनी बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र उद्ध्वस्त केले. अशा रीतीने गोव्याचा आकाशमार्ग आणि बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क पहिल्याच दिवशी खंडित झाला. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी, पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा शरण आले.

वाचकहो, या कारवाईतील एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. वायुदलाला मिळालेल्या आदेशांत काय पाडायचे हे जसे सांगितले होते, तसेच काय पाडायचे नाही हेही सांगितले होते. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण प्रवाशांची इमारत आणि विमानतळावरील इतर सोयींना धक्का लावायचा नाही. दमण आणि दीव येथील धावपट्ट्यांवर पूर्वपरवानगीशिवाय हल्ला करायचा नाही. दोन्ही हल्ल्यांत हे आदेश पाळले गेले आणि इमारती उभ्या राहिल्या. तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. त्याच रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने दुरुस्त केला आणि त्याच दोन विमानांतून काही अधिकाऱ्यांची कुटुंबे कराचीकडे निघून गेली.

लष्करी हिशेब करणारा म्हणेल की ती विमाने निसटली, हे अपुरे काम झाले. परंतु त्या विमानांत बसलेल्या बायकामुलांचा विचार करा. त्यांनी कोणाविरुद्ध शस्त्र उचलले नव्हते. त्यांचे प्राण वाचले याला ‘अपुरे काम’ म्हणावे, की एका हाताला घातलेल्या मर्यादेचे फळ?

यावर एक रास्त शंका घेतली जाईल. हा संयम दाखवणे सोपे होते. गोव्यात पोर्तुगिजांचे एकही लढाऊ जेट विमान नव्हते, युद्ध दोन दिवसांत आटोपले, आणि शिवाय दाबोळी उद्या आपलीच होणार होती. जे उद्या आपण वापरणार ते आज कोण पाडेल? शिवाय चूक तेव्हाही घडलीच : आपल्याच व्हॅम्पायर विमानांची रॉकेटे शीख लाइट इन्फंट्रीच्या ठाण्यावर पडून दोन जवान जखमी झाले. शत्रू आकाशात नसतानाही वेगाने जाणाऱ्या डोळ्याला आपला आणि परका ओळखता आला नाही.

ही शंका खरी आहे आणि ती टाळू नये. उलट तिच्यातच आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. खालची भूमी आपली आहे आणि खालची माणसे आपली आहेत असे ज्याला वाटते, त्याचा हात आपोआप आवरतो. मग खालची भूमी परकी असेल, तिच्यावर आपल्याला कधीही राहायचे नसेल, तेव्हा हा हात कोण आवरणार? ही कसोटी आपल्याला कोरियात दिसते.

कोरियातील धरणे

कोरियाचे युद्ध जून १९५० मध्ये सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी युद्धविरामाने थांबले. जेट विमानांनी जेट विमानांशी झुंज द्यावी असे प्रथम याच युद्धात घडले. एका बाजूला अमेरिकन सेबर, दुसऱ्या बाजूला रशियन बनावटीचे मिग-१५. त्या झुंजींच्या कथा खूप सांगितल्या जातात. त्या झुंजींखाली, जमिनीवर जे घडले ते कमी सांगितले जाते. अमेरिकन विमानांनी त्या छोट्या देशावर सुमारे ६,३५,००० टन बॉम्ब टाकले, आणि त्यांत सुमारे ३२,००० टन नेपाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणारे इंधन, होते. उत्तर कोरियातील बहुतेक शहरे राखेत मिळाली.

युद्ध रेंगाळले, वाटाघाटी अडकल्या, आणि बॉम्ब टाकण्यासारखी ठिकाणे संपत आली. तेव्हा नियोजकांची नजर धरणांकडे वळली. १३ मे १९५३ रोजी थंडरजेट विमानांनी प्योंगयांगच्या उत्तरेकडील तोकसान धरणावर हल्ला केला; रात्रीत धरण फुटले आणि पाण्याने खालचे सुमारे २७ मैल लांबीचे खोरे खरवडून नेले. लोहमार्ग, पूल आणि रस्ते वाहून गेले. त्यांच्याबरोबर नुकतीच लावणी झालेली भातखाचरेही गेली. पाठोपाठ चासान धरणावर तसाच हल्ला झाला. त्यानंतर तेथील लोक सावध झाले. कुवोंगा धरणावर हल्ला झाला तेव्हा त्यांनी पाण्याची पातळी आधीच खाली आणली होती, म्हणून तेथे पूर आला नाही.

हल्ला करणाऱ्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे होते की सैन्याची रसद लोहमार्गाने जाते, पुराने तो मार्ग तुटेल आणि युद्ध लवकर संपेल. त्यांच्या काही अधिकाऱ्यांना भातपिकाच्या नाशाविषयी संकोचही वाटत होता. कागदावरचे लक्ष्य लोहमार्ग होते. पण लोहमार्ग तोडण्यासाठी निवडलेले शस्त्र पाणी होते, आणि पाण्याला कोणी हुकूम देऊ शकत नाही. ते सैनिकाचे घर आणि विधवेचे घर वेगळे करीत नाही.

इंदापूर तालुक्यातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. उजनीचे सुमारे ११७ टीएमसी पाणी तुमच्या अंगणाला लागून आहे. त्या पाण्यासाठी तुमच्यापैकी कितीतरी घरांनी आपली जुनी गावे सोडली, आणि त्याच पाण्यावर आज तुमचा ऊस, डाळिंब, जनावरे आणि मुलांच्या शाळेची फी उभी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, तेव्हा पाण्याखाली काय काय असते हे तुम्ही पाहता. उद्या कोणी म्हणाला की ‘त्या धरणाखालून लष्कराची रेल्वे जाते, म्हणून आम्ही ते फोडले, तुमच्याशी आमचे वैर नव्हते,’ तर भीमाकाठच्या माणसाला ते स्पष्टीकरण पटेल काय? पानशेतचे दुखणे तर युद्धाशिवायचे होते. तेच कोणी हिशेब करून, तारीख ठरवून घडवले तर त्याला काय म्हणावे?

दिव्य कुरआनात सूरह बकराच्या २०५व्या आयतीत अशा माणसाचे वर्णन येते, ज्याच्या हाती सत्ता आली की तो पृथ्वीवर बिघाड माजवतो आणि शेती व संतती यांचा नाश करतो. आणि अल्लाहला बिघाड आवडत नाही असे तेथे बजावले आहे. ‘हर्स’ आणि ‘नस्ल’, म्हणजे उभे पीक आणि पुढची पिढी, हे दोन शब्द तेथे शेजारी शेजारी आले आहेत. ज्याने भाताची खाचरे वाहून गेलेली पाहिली त्याला हे शेजार का आहे ते कळते. पीक गेले की त्या वर्षीचे मूल जाते.

नेपामविषयीही शरियतचा कल स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका मोहिमेच्या वेळी दोन शत्रूंना जाळण्याचा दिलेला आदेश स्वतःच मागे घेतला आणि सांगितले की अग्नीची शिक्षा देण्याचा अधिकार केवळ अल्लाहचा आहे. युद्धात जिंकण्याचा हक्क मिळाला म्हणून अल्लाहची जागा घेण्याचा हक्क मिळत नाही.

मन्जनीक आणि दोन इमामांचा मतभेद

येथे एखादा जाणकार वाचक विचारील : मौलाना, आपल्याच फिकहमध्ये दुरून मारण्याला परवानगी आहे ना? हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मदरशात ‘हिदाया’ शिकताना सियरच्या प्रकरणात मन्जनीक हा शब्द येतो. मन्जनीक म्हणजे किल्ल्याच्या तटावर मोठे दगड फेकणारे यंत्र. फेकणारा तटाच्या बाहेर असतो आणि दगड कोणाच्या डोक्यावर पडेल हे त्याला दिसत नाही. आजच्या बॉम्बफेकीला जुन्या काळात जवळचे काही असेल तर ते हेच. ताइफच्या वेढ्यात मन्जनीक उभारल्याची रिवायत आहे. रात्रीच्या छाप्यात शत्रूची बायकामुले सापडली तर काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) ती त्यांच्यातीलच आहेत असे उत्तर दिल्याची हदीसही सहीह ग्रंथांत आहे.

यावरून हनफी फकीहांनी म्हटले की किल्ल्यावर मन्जनीक चालवता येईल. आत निरपराध असले तरी नेम लढणाऱ्यांवरच धरावा. इमाम अबू यूसुफ (रह.) यांची अडचण व्यवहाराची होती. बायकामुले नाहीत असा किल्लाच नसतो. तेवढ्यावरून हात आखडला तर कोणताही किल्ला घेता येणार नाही. शामचे इमाम औजाई (रह.) यांनी मात्र, शत्रूने मुसलमान मुलांना ढाल करून पुढे उभे केले तर, मारा थांबवावा असे मत दिले. त्यांनी सूरह फतहच्या २५व्या आयतीचा आधार घेतला. हुदैबियाच्या वेळी अल्लाहने मुसलमानांचे हात मक्केवाल्यांपासून रोखले. का? कारण मक्केत काही श्रद्धावंत पुरुष व स्त्रिया लपून राहत होत्या. तुम्हाला त्यांची ओळख नव्हती, आणि नकळत तुम्ही त्यांना तुडवले असते. ते वेगळे झालेले असते तर गोष्ट निराळी होती, असा त्या आयतीचा आशय आहे.

वाचकहो, आयतीचा संदर्भ श्रद्धावंतांचा आहे हे खरे. पण तिने शिकवलेली रीत पाहा. ज्यांना तुम्ही ओळखत नाही त्यांच्यासाठी एक पूर्ण मोहीम थांबवली गेली. तुमचे अज्ञान हे पुढे जाण्याचे निमित्त ठरले नाही. ते थांबण्याचे कारण ठरले. सूरह बनी इस्राईलच्या ३६व्या आयतीतही हीच ताकीद आहे की ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका. कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाला विचारणा होईल.

आम्ही हनफी आहोत आणि आमच्या इमामांच्या मताचा आदर करतो. तरीही दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. पहिली, त्यांनी दिलेली परवानगी तटावर फेकलेल्या दगडाची होती. एका दगडाने एक भिंत पडत असे. एका रात्रीत अख्खे खोरे बुडवणाऱ्या शस्त्राला ती परवानगी जशीच्या तशी लावणे म्हणजे त्या थोर इमामांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेला शब्द घालणे होय. दुसरी, ‘नेम लढणाऱ्यांवर धरावा’ ही अट त्यांनी शोभेसाठी घातली नव्हती. जिथे निरपराधांचा नाश हा अपघात राहत नाही, तर आधीपासून ठाऊक असलेला आणि हिशेबात धरलेला परिणाम असतो, तिथे ‘नेम दुसरीकडे होता’ हे म्हणणे शब्दांचा खेळ ठरते. कृत्यांचे मोल नियतीवर असते ही हदीस आपण लहानपणापासून पाठ करतो. परंतु नियत म्हणजे जीभेवरचे वाक्य नव्हे. जे घडणार हे पक्के ठाऊक असूनही आपण करतो, तेही आपल्या नियतीत आलेच.

प्रेषितांचे (स.) आचरण या बाबतीत आपल्याला वाट दाखवते. एका लढाईत मारल्या गेलेल्या स्त्रीचे शव त्यांनी पाहिले तेव्हा ही तर लढणारी नव्हती, असे ते नापसंतीने म्हणाले आणि पुढे असलेल्या हजरत खालिद (रजि.) यांच्याकडे निरोप धाडला की स्त्रीला आणि मजुराला मारू नका. मजुराचा उल्लेख लक्षात घ्या. सैन्याबरोबर पोटासाठी आलेला मजूरही वाचवायचा होता, तर मग भातखाचरात वाकून लावणी करणारा शेतकरी कोणत्या न्यायाने लक्ष्य ठरेल?

आणि ताइफचे काय झाले? तेथील द्राक्षमळे तोडण्याचा आदेश दिला गेला होता. तेव्हा ताइफवासीयांनी अल्लाहचा आणि नात्यागोत्याचा वास्ता देऊन विनवले, आणि प्रेषितांनी (स.) अल्लाहसाठी व नात्यासाठी ते मळे सोडून दिले, असे सीरतच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. पुढे वेढाही उठवला गेला. ज्या शहराने पूर्वी त्यांना दगड मारून रक्तबंबाळ केले होते, ते शहर मन्जनीक हाताशी असताना न जिंकता सोडले. पुढच्याच वर्षी ताइफचे लोक स्वतःहून मदीनेत आले आणि त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. बारामतीच्या भागात ज्यांनी द्राक्षबाग लावली आहे त्यांना विचारा, मळा उभा करायला किती वर्षे लागतात. रोखलेल्या हाताने ताइफमध्ये जे वाचवले, ते तोडलेल्या मळ्याने कधीच मिळाले नसते.

परकी भूमी आणि आपला हात

आता मघाचा प्रश्न पुन्हा घेऊ. खालची भूमी परकी असेल तेव्हा हात कोण आवरणार? हजरत अबू बक्र (रजि.) यांनी शामच्या मोहिमेवर निघालेल्या सेनापतीला ज्या सूचना दिल्या, त्यांत या प्रश्नाचे उत्तर आहे. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नका. फळझाडे तोडू नका. वस्ती उद्ध्वस्त करू नका. खाण्याच्या गरजेखेरीज शेळी किंवा उंट कापू नका. मठांत राहणाऱ्यांना त्यांच्या उपासनेत राहू द्या. ही भूमी शत्रूची होती. ती आपली होईल की नाही हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तेथील झाड, शेळी आणि संन्यासी यांची गणना केली गेली, कारण भूमी शेवटी अल्लाहची आहे आणि आदमची सारी संतती त्याने सन्मानित केलेली आहे.

दाबोळीची इमारत वाचली, कारण ती उद्या आपली होणार होती असे जरी मानले, तरी मोमिनाला त्यातून एक नियम घेता येतो. जिथे राहायचे नाही त्या भूमीलाही, तिथे उद्या आपल्याच मुलाबाळांना राहायचे आहे असे समजून वागवणे. शरियत आपल्याकडून हेच मागते. आंतरराष्ट्रीय कायद्यालाही हे शहाणपण कोरियानंतर आले. १९७७ साली जिनिव्हा करारांना जोडलेल्या नियमांत धरणे, पिके आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयी यांना संरक्षण देण्यात आले.

याचा अर्थ युद्ध कधीच न्याय्य नसते असा नाही. जुलूम रोखण्यासाठी शस्त्र उचलण्याची परवानगी कुरआनाने दिली आहे, आणि त्याच वाक्यात मर्यादा ओलांडू नका अशी आज्ञाही दिली आहे. पण बॉम्ब सोडणाऱ्या हाताने, आणि तो आदेश लिहिणाऱ्या हाताने, तीन प्रश्न स्वतःला विचारलेच पाहिजेत. खाली आहे तो खरोखर लढणारा आहे काय? हे मला ठाऊक आहे, की मी नुसते धरून चाललो आहे? आणि जे शस्त्र मी सोडतो आहे ते माझ्या मर्यादेत राहील, की आग आणि पाण्यासारखे माझ्या हाताबाहेर जाईल? यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल तर थांबणे हा भ्याडपणा नाही.

आपल्या घरातील आकाश

तुम्ही म्हणाल, आमच्यापैकी कोण बॉम्ब टाकायला जातो? कदाचित जाईलही. आपल्या गावांतील मुले सैन्यात आणि वायुदलात जातात, जावोत; बारामतीच्या धावपट्टीवर आज शिकणारा एखादा उद्या लढाऊ विमान चालवील. त्याला उंचीबरोबर ही जबाबदारीही कोणीतरी शिकवली पाहिजे, आणि ते काम घरापासून सुरू होते.

जे जात नाहीत तेही यातून सुटत नाहीत. आज युद्ध आपल्या मोबाईलवर येते. वरून काढलेले चित्र असते, मध्ये एक चौकोन असतो, मग पांढरा धूर उठतो. आवाज नसतो, रडणे ऐकू येत नाही. आपली मुले ते पाहतात आणि बाजू पाहून टाळ्या वाजवतात. वैमानिकाला जी उंची युद्धाने दिली, ती आपल्याला पडद्याने दिली आहे. ती उंची हृदय कठोर करते. अशा वेळी आईने किंवा वडिलांनी मुलाशेजारी बसून एवढेच विचारावे, “त्या धुराखाली कोण होतं, बाळा?” उत्तर ठाऊक नसले तरी प्रश्न विचारायची सवय लागेल.

आणि ही सवय आपल्या बाजूच्या विमानांनाही लावली पाहिजे. ९ ऑगस्ट २०१८ रोजी येमेनमधील दहयान येथे शाळकरी मुलांच्या बसवर हवाई हल्ला झाला आणि ४० मुले ठार झाली. तो हल्ला सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीचा होता. मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान. दुसऱ्यांच्या बॉम्बवर आपण जितक्या उंच स्वरात बोलतो, तितक्याच उंच स्वरात यावर बोललो नाही, तर आपला आवाज न्यायाचा नाही, पक्षपाताचा आहे. एखाद्या जमातीचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदाची ताकीद आपल्यासाठीच आहे. आणि आपुलकीनेही ढळू नये, हे सूरह निसाच्या १३५व्या आयतीत सांगितले आहे, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का द्यावी लागेना.

म्हणून सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच देता येते. चेहरा दिसला नाही म्हणून जाब टळत नाही, कारण ज्याच्यासमोर जाब द्यायचा आहे त्याला तो चेहरा दिसत होता. आणि ‘नेम दुसरीकडे होता’ हे उत्तर त्याच्याच कामी येईल, ज्याने नेम धरण्यापूर्वी खाली कोण आहे हे जाणून घेण्यासाठी आपल्या कुवतीप्रमाणे सारे काही केले, आणि ठाऊक नसताना हात रोखला. कणभर भलाई आणि कणभर बुराई दोन्ही त्या दिवशी दिसणार आहेत. न टाकलेला बॉम्ब इतिहासात नोंदला जात नाही, पण त्या वहीत तो नोंदलेला असेल.

हे अल्लाह, आमच्या हातात शक्ती दिलीस तर तिच्याबरोबर तुझे भय दे. आमच्या मुलांच्या डोळ्यांना दूरच्या माणसाचे दुःख जवळून पाहण्याची दृष्टी दे. आमच्या नद्या, धरणे, शेते आणि लेकरे सुरक्षित ठेव, आणि ज्यांना आम्ही ओळखत नाही त्यांचीही. आमीन.